सोलरला मीटर मिळाला, खोलीला परवानगी नाही

कोपरखैरण्याच्या एका वाचकांनी सिडकोच्या रो-हाऊसवर गेल्या वर्षी ३ किलोवॉटचे सोलर बसवले. गच्ची वापरता यावी म्हणून पॅनल आठ फूट उंच लोखंडी सांगाड्यावर घेतले. फटींतून पावसाचे पाणी गळू लागले, तेव्हा खाली पत्रे आले. मग मुलाच्या अभ्यासासाठी तिन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या. आता नगररचना कायद्याच्या कलम ५३ खाली, अनधिकृत बांधकाम काढा अशी महापालिकेची नोटीस आली आहे. ते विचारतात, महावितरणने नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा) दिला, केंद्राचे ७८,००० रुपये अनुदान जमा झाले, मग हे अनधिकृत कसे? नेरूळहून, घणसोलीहून, ठाण्यातल्या बंगल्यांतूनही हाच प्रश्न येत असतो.

मीटर आणि अनुदान यांचा संबंध विजेशी आहे. गच्चीवर काय उभे राहिले, हे महापालिका १९६६ च्या नगररचना कायद्याने पाहते. यावर याहून जास्त शाई खर्च करत नाही, कारण तुमचा खरा प्रश्न वेगळाच आहे.

नोटिशीवरची तारीख मी दोनदा वाचली. एक महिन्याची मुदत आहे आणि त्यातले १९ दिवस तुम्ही घालवलेत. सोलरवाला म्हणाला, 'काही होत नाही', आणि तुम्ही नोटीस फ्रिजवर ठेवून दिली! अहो, पॅनल बसवणारा माणूस तुमचा वकील कधी झाला? नोटीस हातात पडली त्याच दिवशी कुणाला तरी दाखवायला हवी होती.

सगळे अडले आहे कलम ५३ च्या पोटकलम ३ वर. नोटिशीत दिलेल्या मुदतीच्या आत, कलम ४४ खाली, बांधकाम कायम ठेवण्याच्या परवानगीचा अर्ज करता येतो. तो रीतसर दाखल झाला, की त्याचा निकाल लागेपर्यंत नोटिशीचा अंमल थांबतो. काही भाग ठेवायची परवानगी देऊन बाकीचा नाकारताही येतो, आणि तुमची आशा नेमकी तिथे आहे. मुदत टळली, तर महापालिका तोडकाम करून त्याचा खर्चही तुमच्याकडून वसूल करू शकते.

'कोर्टातून स्टे आणू', असे तुम्ही लिहिले आहे. याच कायद्याचे कलम १४९ अशा दाव्यांच्या आड येते. शिवाय बेलापूरच्या कोर्टात पुढची तारीख मिळेपर्यंत गच्चीवर गॅस कटर चढलेला असेल. तारखांमागे फिरून दमलेली माणसे रोज पाहतो, म्हणून कळकळीने सांगतो, कोर्ट हा पहिला दरवाजा समजू नका.

खोलीचा मोह सोडा. अर्जाआधी खिडक्या आणि पत्रे उतरवा आणि आधीचे-नंतरचे फोटो काढून ठेवा. चारी बाजूंनी उघड्या सांगाड्यावरचे पॅनल ही ऊर्जेची सोय म्हणून मांडता येते. बंद केलेली जागा ही खोलीच, छपराला पॅनल असले म्हणून ती बदलत नाही. उघड्या सांगाड्याची उंची कितपत मान्य होईल, हे २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीवर, तुमच्या मंजूर नकाशावर आणि अधिकाऱ्याच्या वाचनावर अवलंबून राहील. सांगाडा खाली आणावा लागू शकतो, त्याची तयारी ठेवा. सिडकोच्या भाडेपट्ट्यातली बांधकामाची अट काय म्हणते, तेही अर्जाआधी वाचून घ्या.

नोंदणीकृत आर्किटेक्टकडे उद्याच जा. मंजूर नकाशा, भाडेपट्टा, मालमत्ता कराची पावती आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला बरोबर घ्या. कागद कमी पडला म्हणून अर्ज अडवून ठेवू नका. आधी दाखल करा, उरलेले मागाहून जोडा. पोच मात्र घ्याच. आवक क्रमांक आणि तारीख त्यावर स्पष्ट उमटली आहे ना, हे खिडकीवरून हलण्याआधी बघा. शिक्का पुसट असेल तर तिथेच पुन्हा मारून मागा.