एकच शब्द दोन भाषांत वेगळ्या अर्थानं असेल तर त्या भाषांचं काही नातं असतं का?

नाही ओ, बहुतेक वेळा निव्वळ योगायोग असतो. आमच्या सांगली जिल्ह्यातच बघा, जतकडं कन्नड आणि मराठी शेजारी शेजारी चालतात, तिथं बाजारात कुणी 'केळी' म्हणालं तर तो मराठीत फळ मागतोय का कन्नडमध्ये 'ऐका' म्हणतोय हे पुढचं वाक्य आल्याशिवाय कळायचं नाही. 'हल्ली' तर अजून भारी, आपल्याकडं आजकाल आणि कन्नडमध्ये पाल (हळ्ळी म्हणजे गाव, तो वेगळा शब्द, ल-ळ नीट म्हणा). मराठी संस्कृतच्या घराण्यातली, कन्नड द्राविडी, या जोड्यांचं मूळ एक नाहीच.

तोंडातून निघणारे आवाज मोजकेच अन् छोटे शब्द ढीगभर, मग कुठंतरी टक्कर होणारच. आपलं 'हाय' म्हणजे आहे, जपानीत 'हाय' म्हणजे हो. 'नाय' तमिळमध्ये कुत्रा, पण जपानीत चक्क नकारच! म्हणजे अर्थ जुळला तरी नातं सिद्ध होत नाही, हे विसरून लोक व्हॉट्सअ‍ॅपवर काहीपण फॉरवर्ड करत बसतात.

अक्का, अण्णा यांचं मात्र तसं नाही, ते द्राविडी भाषांकडूनच आलेत, शेजार म्हटल्यावर उसनवारी आलीच. नातं बघायचंच असेल तर सुटे शब्द सोडा, आकडे, सर्वनामं, क्रियापदांची रूपं अशी पूर्ण रांग घ्या आणि आवाजांतला फरक सगळीकडं एकाच नियमानं होतोय का ते बघा.