न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागातल्या ॲडिस्ली पार्क वस्तीतलं घर बघतोय, जुन्या खरेदीखतात 'कृष्णवर्णीयांना विकू नये' अशी अट दिसली. ती आजही लागू होते का?

नाही, ती अट आज नुसती कागदावरची शाई आहे. 1948 मध्ये 'शेली विरुद्ध क्रेमर' खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशा अटी कोर्टाकडून अंमलात आणून घेता येणार नाहीत. 1968 च्या फेअर हाउसिंग कायद्याने घरविक्रीतला वंशभेदच बेकायदा ठरवला. गंमत म्हणजे, 'शेली' निकालाच्या जेमतेम वर्षभर आधी, 1947 मध्ये, न्यूयॉर्कच्या कोर्टाने याच वस्तीतल्या एका घराची कृष्णवर्णीय खरेदीदाराला होणारी विक्री अशाच अटीवरून अडवली होती. आणि आज ही वस्ती ओळखली जाते ती जॅझ कलाकार काउंट बेसी, गायिका एला फिट्झजेराल्ड, बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन असे कृष्णवर्णीय दिग्गज इथे राहत होते म्हणून!

तेव्हा त्या अटीची काळजी सोडा, दुसरी एक मात्र खरीच पाळावी लागेल. 2011 पासून ही वस्ती शहराचा संरक्षित ऐतिहासिक परिसर आहे. खिडक्या बदलणं, वाढीव बांधकाम अशा बाहेरच्या कामांना शहराच्या लँडमार्क्स कमिशनची (ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या आयोगाची) परवानगी लागते. आतल्या कामांना सहसा हरकत नसते, पण बांधकाम खात्याचा परवाना लागणार असेल तर कमिशनकडेही आधी विचारा.