मुलाला शाळेत विशेष सवलती मिळत नाहीत. गोडीगुलाबीनं घ्यावं की लेखी द्यावं?

लेखीच द्या. मुलगा सातवीत आहे, अध्ययन अक्षमतेचं, म्हणजे डोकं चालतं पण वाचन-लेखन अडतं याचं, प्रमाणपत्र तुमच्या हातात आहे, वर्गशिक्षिकेला झेरॉक्स देऊन वर्ष होत आलं आणि मुख्याध्यापक दर वेळी ‘बघू, करू’ म्हणतात. एवढं झाल्यावर गोडी कसली न् गुलाबी कसली?

पण मी लिहायला बसलो ते तुमच्या प्रश्नातल्या शेवटच्या ओळीमुळं. ‘घरचे म्हणतात, कागद रंगवत बसलात तर शाळा पोरावर डूख धरेल.’ आमच्या घरात हे वाक्य दाजींचं आहे, शब्दही जवळपास तेच.

मी पंचायत समितीत वरिष्ठ सहायक आहे, म्हणजे कारकूनच. दाजी माध्यमिक शाळेत गणित शिकवतात आणि चारचौघांत माझी ओळख ‘आमचे कारकून मेहुणे’ अशी करून देतात. हे प्रकरण त्यांच्याच मुलाचं, माझ्या भाच्याचं.

पोरगं तोंडी तरबेज. पाणबुडी मोटर का जळली हे तुम्हाला बांधावर उभ्या उभ्या समजावून सांगेल. पण धडा वाचायला दिला की जोडाक्षराशी अडायचं, वहीत उतरवताना अधली ओळच गाळायचं. दाजींच्या मते आळस. पाचवीपर्यंत त्यावर जे उपाय झाले ते इथं लिहीत नाही. शेवटी सहावीत ताईनं हट्ट धरून त्याला पुण्याला सरकारी दवाखान्यात नेलं, चाचण्या झाल्या, प्रमाणपत्र मिळालं. ‘शिक्षकाच्या पोराला असला शिक्का?’ म्हणून दाजींनी ते घरातच ठेवायला लावलं. ताईनं गुपचूप एक झेरॉक्स वर्गशिक्षिकेला नेऊन दिली. बाई भल्या होत्या. ‘काळजी करू नका, मी आहे’ म्हणाल्या आणि होत्या तोवर खरंच बघायच्या. पुढं त्या बदलून गेल्या.

नववीच्या पहिल्या सत्र परीक्षेत भाच्यानं विज्ञानाचा पेपर अर्धा कोरा दिला. उत्तरं येत होती, लिहून होईनात. ताईचा रात्री फोन आला, मी सकाळी रजेचा अर्ज टाकला आणि अर्ज टाईप करून शाळेत गेलो.

मुख्याध्यापकांनी चहा मागवला. ‘अहो मामा, सर आपल्याच संस्थेतले, पोरगं आपलंच. पत्र कशाला?’ मी म्हटलं, आपलंच आहे तर पत्र घ्यायला काय हरकत आहे. चहा पिऊन ऑफिसात आलो. लिपिकानं अर्ज वाचला, परत वाचला. ‘साहेबांची सही झाली की नंबर टाकतो.’ आता हे मला सांगायचं? म्हटलं, भाऊ, आवकला नंबर आधी पडतो, मग टपाल साहेबांच्या टेबलावर जातं, मी रोज तेच करतो. तो हसला. रजिस्टर काढलं. शिक्क्याचं पॅड सुकलेलं होतं, त्यावर बाटलीतलं पाणी शिंपडून दोनदा शिक्का मारला, शाईपेननं खाली तारीख टाकली आणि ओसी, म्हणजे शिक्का मारलेली आमची प्रत, माझ्या हातात दिली.

मग त्या लिपिकानंच मला विचारलं, ‘पण आधीचं सर्टिफिकेट कुठल्या फायलीला आहे?’ शोधलं. विद्यार्थ्याच्या फायलीत नाही. संगणकावर यू-डायस प्लस, म्हणजे शाळा आणि विद्यार्थ्यांच्या माहितीची सरकारी नोंद, त्यातली भाच्याची माहिती उघडली, तर दिव्यांगत्वाच्या रकान्यात ‘नाही’. ती झेरॉक्स बाईंच्या कपाटात राहिली असणार, नाहीतर रद्दीत गेली असणार. थोडक्यात, शाळेच्या दप्तरी असा मुलगाच नव्हता! तालुक्याच्या गटसाधन केंद्राचे विशेष शिक्षक, म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवणारे, त्याच इमारतीत एका कर्णबधिर मुलीसाठी येऊन जात होते, आणि दोन वर्गखोल्या पलीकडं बसलेल्या भाच्याचं नाव त्यांच्या यादीत नव्हतं. त्यांना कोण सांगणार? बाईंनी मुद्दाम काही केलं नाही. त्यांनी मनापासून शब्द दिला होता आणि बदलीच्या ऑर्डरबरोबर तो शब्दही त्या गावाला गेला.

म्हणून तुम्हाला सांगतो, उद्या शाळेत जाऊन पहिल्यांदा एवढंच विचारा: यू-डायस प्लसमध्ये माझ्या मुलाची नोंद काय आहे? ‘तुम्ही काय करताय’ विचाराल तर पुन्हा ‘बघू’ येईल. नोंदीच्या प्रश्नाला कुणाला तरी खुर्चीवरून उठून बघावंच लागतं.

अर्जाचं म्हणाल तर एक पान. ताईनं आधी एक मसुदा केला होता, त्यात ‘माझ्या लेकराचं भविष्य आपल्या चरणी’ वगैरे होतं. मी सगळं काढलं. चरणी वगैरे लिहिलं की तो अर्ज मदतीच्या याचनेत जातो, आणि याचना मान्य करायची की नाही हे समोरच्याच्या मनावर. आम्ही मागितलं ते असं: प्रमाणपत्राची नोंद फायलीत आणि यू-डायसवर घ्यावी. घटक चाचणीपासूनच तासाला २० मिनिटं जादा वेळ आणि लेखनिक (मुलगा सांगेल ते उत्तर लिहून देणारा) द्यावा. शुद्धलेखनाच्या चुकांचे गुण कापू नयेत. विशेष शिक्षकांची भेट कधी होणार ते कळवावं. शेवटी, केलेली कार्यवाही लेखी कळवावी. या शेवटच्या ओळीवाचून बाकीचा अर्ज लंगडा.

खाली कायद्याचा संदर्भ टाका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. त्यातल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांमध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. कलम १६ प्रमाणं अशी अडचण लवकरात लवकर ओळखून शिकवण्यात योग्य ते बदल करणं हे शाळेचं काम, आणि कलम १७ मध्ये जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हे शब्द जसेच्या तसे आहेत. हे अर्जात दोन ओळीत आलं की समोरच्याचा आवाज बदलतो. आमच्या मुख्याध्यापकांचा बदलला.

काही शाळा ‘दिव्यांगत्व ४० टक्के भरत नाही’ म्हणून परत पाठवतात. ४० टक्क्यांची अट मोफत शिक्षणासारख्या काही लाभांना आहे. परीक्षेत लेखनिक मिळण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयानं २०२१ साली विकास कुमार यांच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलंय की त्यासाठी ४० टक्क्यांचा उंबरठा लावता येणार नाही. ते गृहस्थ यूपीएससीला बसणारे, लिहिताना हाताला पेटके यायचे. त्याच वर्षी त्याच न्यायालयानं प्राथमिकला दहा आणि माध्यमिकला पंधरा दिव्यांग मुलांमागं एक विशेष शिक्षक असं प्रमाणही ठरवून दिलं. तुमच्या तालुक्यात हिशोब जुळवून बघा, जुळला तर मलाही कळवा.

संध्याकाळी दाजींना कळलं. ताट सारून उठले. ‘तू माझ्या संस्थेला नोटीस दिलीस!’ नोटीस कसली, साधा अर्ज. बराच वेळ आरडाओरडा झाल्यावर खरं बाहेर आलं. संस्थेनं उचलून दुसऱ्या टोकाच्या शाखेत टाकलं तर? भीती रास्त होती, नाही म्हणत नाही. पण मग ‘मला बदलीची भीती वाटते’ असं म्हणा ना. पोराला त्रास होईल म्हणून मी गप्प आहे, हे कशाला? वर्षानुवर्षं पोरगं अर्ध्या वेळेत अर्धा पेपर लिहून बाकी कोरा देत होतं, तो त्रास कुणाच्या खात्यावर मांडायचा?

बदली झाली नाही. डूख धरण्याबद्दल दाजी अगदीच चूक नव्हते, हेही लिहितो, कारण ते हे वाचणार आहेत. एक सर काही दिवस भाच्याला वर्गात ‘व्हीआयपी’ म्हणायचे. ताईनं तेही मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं, तोंडीच, आणि ते थांबलं. दुसऱ्या सत्रात जादा वेळ मिळाला, लेखनिक मिळाला, विशेष शिक्षक येऊ लागले. दहावीच्या सवलतींचा प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत विभागीय मंडळाकडं, आमच्याकडं कोल्हापूरला, वेळेत गेला. दाजी अजूनही लग्नाकार्यात सांगतात की मुख्याध्यापकांशी त्यांची ओळख होती म्हणून काम झालं. ओळख तर पाचवीपासून होती, दाजी.

आता काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या. हे सगळं राज्य मंडळाच्या अनुदानित शाळेचं आहे. सीबीएसईचे नियम वेगळे, ते त्यांच्या परिपत्रकात बघा. प्रमाणपत्राची मुदत आणि फेरतपासणीची तारीख बघून ठेवा, मंडळाला ठरवून दिलेल्या केंद्राचंच लागतं, खासगी समुपदेशकाचा अहवाल चालत नाही. शाळा अर्ज घेतच नसेल तर स्पीड पोस्टनं पाठवा, पावती जपा. उत्तर आलं नाही तर माध्यमिकसाठी जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी, खालच्या वर्गांसाठी गटशिक्षणाधिकारी, आणि त्याही पुढं पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्त. आयुक्त शिफारस करतात आणि तिच्यावर काय केलं हे तीन महिन्यांत कळवावं लागतं. वकिलाचा विचार एवढं सगळं संपल्यावर. अर्जात भांडणाची भाषा नको, ‘आपल्या निष्काळजीपणामुळे’ असा एक शब्द गेला की सगळी चर्चा त्या शब्दावरच होते. आणि पहिला अर्ज देताना वर्गशिक्षकांना आधी सांगा, त्यांना तो ऑफिसातून कळला तर वाईट वाटतं.

खासगी विशेष शिक्षक लावावा का, हा तुमचा दुसरा प्रश्न. परवडत असेल तर लावा, मला त्यातलं फार कळत नाही. भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी आहे का तेवढं विचारून घ्या, कारण नुसतं ‘स्पेशल’ लिहिलेल्या पाट्या हल्ली गल्लोगल्ली आहेत.

त्यापेक्षा सातवीतच एक काम सुरू करा, जे आमच्याकडं कुणाच्या लक्षात आलं नाही: लेखनिकाला सांगायचा सराव. लेखनिक खालच्या वर्गातला असतो. नववीत भाच्याला आठवीतला मुलगा दिला, तर पहिल्या पेपरला दोघंही लाजून गप्प. भाचा घाईत एका दमात सगळं उत्तर सांगायचा आणि तो बिचारा शेवटचंच वाक्य लिहायचा. आकृतीला नावं कुठं द्यायची हे बोलून सांगता येईना, बोट दाखवायला गेला तर पर्यवेक्षक ओरडले. मग ताईनं शेजारच्या मुलीला घरी बसवून रोज एक प्रश्न लिहून घ्यायचा रिवाज पाडला. अर्धं वाक्य सांगायचं, तिचं पेन थांबलं की पुढचं. ‘नवीन ओळ’, ‘अधोरेखित कर’, ‘मागचा शब्द खोड’ हे तोंडात बसायलाच परीक्षा उजाडली. तुमच्याकडं अजून तीन वर्षं आहेत.