अमेरिकेतलं पहिलं कम्युनिटी कॉलेज कसं सुरू झालं? ते आपल्या ज्युनिअर कॉलेजसारखंच असतं का?

नाही. आपलं ज्युनिअर कॉलेज म्हणजे अकरावी-बारावी; तिथलं म्हणजे बारावीनंतरची दोन वर्षं, आपल्या हिशेबाने एफवाय-एसवाय. पण सुरुवात मात्र आपल्याकडच्या शाळेलाच चिकटलेल्या अकरावी-बारावीसारखी झाली.

मी शिकागोच्या उपनगरात राहतो; ते पहिलं कॉलेज जिथे सुरू झालं, ते जोलिएट इथून पाऊण तासावर. १९०० च्या सुमारास ते जेमतेम तीस हजार वस्तीचं गाव होतं. पोलादाचा कारखाना, चुनखडीच्या खाणी आणि तुरुंग, ही त्याची ओळख. तिथल्या पोरांना पुढे शिकायचं तर गाव सोडायचं, म्हणजे फीवर राहण्या-जेवण्याचा खर्च आलाच. तो टळावा म्हणून हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राऊन यांनी कॉलेजच्या पहिल्या दोन वर्षांचे विषय शाळेतच शिकवायचं ठरवलं.

त्यांचे मित्र विल्यम रेनी हार्पर शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष होते. ही दोन वर्षं विद्यापीठाच्या गळ्यातून काढावीत आणि प्राध्यापकांनी वरच्या वर्गांकडे नि संशोधनाकडे बघावं, असं त्यांच्या मनात होतं. थोडक्यात, ब्राऊनना पोरं गावात ठेवायची होती आणि हार्परना ती आपल्या दारात इतक्या लवकर नको होती! हार्परचा हा हेतू उदात्त वगैरे मला वाटत नाही, पण दोघांचं जमलं.

१९०१ मध्ये सहा विद्यार्थ्यांवर वर्ग सुरू झाला. कॉलेजची वेगळी इमारत नाही, नावाची पाटीही नाही. हायस्कूलची वास्तू त्याच वर्षीची, स्थानिक चुनखडीच्या दगडात बांधलेली, लांबून गढीच वाटते. गंमत म्हणजे या मुलांना ‘पोस्ट ग्रॅज्युएट’ म्हणत; हायस्कूल संपणं म्हणजेच तिकडे ‘ग्रॅज्युएट’ होणं. आपल्याकडे एमएवाल्यांना मिळणारं बिरुद या पोरांना बारावीनंतरच मिळालं. डिसेंबर १९०२ मध्ये शाळेच्या मंडळाने हे वर्ग अधिकृत केले, तेही बिनफीचे. खरी मेख इथेच आहे असं मला वाटतं. फी लावली असती तर गाव सोडायचं नसूनही बरीच पोरं बाहेरच राहिली असती.

‘जोलिएट ज्युनिअर कॉलेज’ हे नाव पडलं १९१६ साली. ‘कम्युनिटी कॉलेज’ हा शब्द रुळला तो त्याच्याही नंतर, राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या उच्च शिक्षण आयोगाच्या १९४७ च्या अहवालामुळे. स्वतंत्र कॉलेज व्हायला १९६७ साल उजाडलं, मग ते गावाबाहेर मोठ्या जागेत गेलं. नाव मात्र बदललं नाही. पहिल्या कम्युनिटी कॉलेजच्या पाटीवर अजूनही ‘ज्युनिअर कॉलेज’च लिहिलंय, त्यामुळे तुमचा गोंधळ अगदी साहजिक आहे.