ऑक्टेव्ह शिकायला बसण्याआधी

अनेक आशीर्वाद.

आकडेमोडीचं फुकटचं सॉफ्टवेअर खऱ्या कामाला पुरतं का, असं विचारलं आहेस. पुरतं. सायलॅब किंवा नमपाय ही तशीच फुकट साधनं घेतलीस तरी चालेल, पण तुझं रोजचं काम मॅट्रिक्सचं, म्हणजे ओळी-स्तंभांत मांडलेल्या आकड्यांचं, म्हणून मी ऑक्टेव्ह सुचवतो. जॉन ईटन यांनी ते १९९२ च्या सुमारास लिहायला घेतलं, केमिकल रिअॅक्टरच्या एका पाठ्यपुस्तकाला जोड म्हणून. फोरट्रान या जुन्या प्रोग्रामिंग भाषेतला प्रोग्राम का चालत नाही हे शोधण्यातच विद्यार्थ्यांचा वेळ जायचा आणि मूळ विषय बाजूला राहायचा. नाव दिलं ते त्यांच्या जुन्या प्राध्यापकांचं, ऑक्टेव्ह लेव्हेनस्पील यांचं.

कमांड पाठ करत बसू नकोस. आधी एक प्रयोग कर. दहा बाय दहाची हिल्बर्ट मॅट्रिक्स घे (पहिल्या ओळीत १, १/२, १/३..., दुसरीत १/२, १/३, १/४..., अशी). तिच्या आकड्यांची दहा समीकरणं मांड, सगळे अज्ञात १ धरून उजवी बाजू काढ आणि तीच समीकरणं आता ऑक्टेव्हला सोडवायला दे. दहाही उत्तरं १ यायला हवीत. पूर्ण अंक छापून बघ, काही उत्तरं चौथ्या-पाचव्या दशांशाच्या आसपासच घसरलेली दिसतील. आता ती उत्तरं मूळ समीकरणांत घालून ताळा कर. ताळा जवळजवळ तंतोतंत जुळतो! याच ताळ्यावर विसंबून मी एकदा कित्येक आठवडे चुकीचे आकडे पुढे नेले होते, म्हणून एवढं कळकळीनं सांगतो आहे.

कारण कंडिशन नंबरमध्ये आहे, म्हणजे आकड्यांतली बारीक चूक उत्तरात जास्तीत जास्त किती पट फुगू शकते त्यात. या मॅट्रिक्सचा तो सुमारे १६ लाख कोटी येतो, म्हणजे १६ वर १२ शून्यं. डबल प्रिसिजनमध्ये, म्हणजे ऑक्टेव्ह एरवी आकडे साठवतं त्या पद्धतीत, जेमतेम १६ अंक मिळतात, त्यातले तेरा इथेच जातात. आणि ऑक्टेव्ह चकार शब्द काढत नाही. बारा बाय बारा घेतलीस की मात्र इशारा येतो.

दहाला गप्प आणि बाराला इशारा, असं का? मुक्त स्रोताचं, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असण्याचं, खरं मोल मला इथे वाटतं, पैसे वाचण्यात नाही. इशाऱ्याची मर्यादा कुणीतरी ठरवून कोडमध्ये लिहिलेली आहे आणि ती ओळ तुला उघडून वाचता येते. त्याखाली आकडेमोड करणारं लॅपॅक नावाचं प्रोग्रामांचं भांडारही तसंच उघडं आहे. आज सगळं समजणार नाही, तरी वाच.

इन्व्हर्स (व्यस्त मॅट्रिक्स) काढून गुणण्याची सवय असेल तर सोड, थेट उलट्या भागाकाराची खूण (\) वापर. आणि पुढच्या वेळी उत्तरं पाठवशील तेव्हा सोबत कंडिशन नंबर आणि ऑक्टेव्हची आवृत्तीही कळव. त्यांच्याशिवाय तुझे आकडे मला तपासता येणार नाहीत.