डीएनए लस दंडाच्या स्नायूत न देता त्वचेत का देतात?

कारण हव्या त्या पेशी त्वचेत दाटीने असतात. स्नायूपेशी लशीतल्या डीएनएवरून रोगजंतूचं प्रथिन बनवते, पण टी-पेशींना (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी) ते दाखवून चेतवण्यात ती कच्ची. ते काम डेंड्रायटिक पेशींचं, म्हणजे शत्रूचे तुकडे टी-पेशींना दाखवणाऱ्या पेशींचं, आणि त्वचेत त्या भरपूर.

झायडस कंपनीची कोविडवरची लस झायकोव्ह-डी घ्या. ऑगस्ट 2021 मध्ये भारतात तिला आपत्कालीन मंजुरी मिळाली, माणसांसाठी मंजूर झालेली ती जगातली पहिली डीएनए लस. एका डोसला 2 मिलीग्रॅम प्लाझमिड (प्रथिनाची कृती असलेलं गोल डीएनए), 0.1 मिलीचे दोन फवारे वेगवेगळ्या जागी, दिवस 0, 28 आणि 56 ला. सुई नाही, स्प्रिंगच्या जोरावर बारीक धार त्वचेत घुसते. उपकरण काटकोनात टेकवून घट्ट दाबावं लागतं. तिरकं धरलं की लस वर सांडते, त्वचा ओली दिसते आणि डोस अपुरा जातो.

खरी अडचण पुढे आहे. प्लाझमिडला नुसतं पेशीपटलच नव्हे, तर केंद्रकाचं आवरणही ओलांडावं लागतं, म्हणून एवढी मोठी मात्रा. एमआरएनए लशीला मायक्रोग्रॅम पुरतात, कारण तिचं काम पेशीद्रवातच होतं.

डेंड्रायटिक पेशींवरच नेमका नेम साधायचा तर त्या पेशी पकडतात अशी मॅनोज साखर लावलेले नॅनोकण वापरतात. किंवा प्लाझमिडमध्येच प्रतिजनाला (ज्याविरुद्ध प्रतिकार हवा ते प्रथिन) डेंड्रायटिक पेशींवरच्या डीईसी-205 या ग्राही रेणूला चिकटणारा तुकडा जोडतात. मला दुसरी वाट जास्त पटते: प्रथिन कुठल्याही पेशीत बनो, पोहोचतं डेंड्रायटिक पेशीकडेच. मात्र सोबत धोक्याचा इशारा देणारा सहायक घटक हवाच. तो नसेल तर शरीर त्या प्रतिजनाला उलट सहन करायला शिकतं.