शेतात विहीर आहे, की विहीर शेतात आहे?

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातील एका खेड्यातल्या शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सातवीच्या मुलांना 'आमचे शेत' या विषयावर पाच वाक्ये इंग्रजीत लिहायला सांगितली, तेव्हा एका मुलाने लिहिले: 'माय फादर इज फार्मर. वेल इज इन अवर फील्ड. वी हॅव टू बुल्स. द बुल इज यूजफुल ॲनिमल. ऑन वेनस्डे वी गो टू मार्केट बाय द एस.टी. बस.' बाईंनी दुसऱ्या वाक्यातील 'वेल'च्या आधी 'द' घालून दिला. त्यावर एका ज्येष्ठ सहकाऱ्याने हेही वाक्य बसत नाही असे सांगितले, पण का बसत नाही ते सांगितले नाही. अ, ॲन आणि द या उपपदांचे नियम तक्ता करून भिंतीवर लावलेले आहेत आणि मुलांना ते पाठही आहेत, तरी लिहिताना घोळ होतोच. मराठीत उपपदच नाही, तर ते मुलांना समजवायचे कशाच्या आधाराने, असे त्यांचे म्हणणे आहे.

मराठीत उपपद नाही हे खरे, पण उपपद ज्या कामासाठी असते ते काम आपण मराठीत दिवसभर करीत असतो, आणि सातवीतला मुलगा ते न चुकता करतो. काम एवढेच की आपण ज्या वस्तूबद्दल बोलतो आहोत ती ऐकणाऱ्याला आधीपासून ठाऊक आहे की त्याच्यापुढे प्रथमच येत आहे, हे त्याला कळावे. इंग्रजी त्यासाठी नामाच्या आधी एक छोटा शब्द ठेवते, तर मराठी पुष्कळदा नामाची जागा बदलते. हे एकदा मुलाच्या लक्षात आणून दिले की तक्त्याचे अर्धे काम आपोआप होते, म्हणून या पाच वाक्यांतील दुसऱ्या वाक्यापासूनच सुरुवात करणे बरे.

'आमच्या शेतात विहीर आहे' आणि 'विहीर आमच्या शेतात आहे' ही दोन वाक्ये वर्गात मोठ्याने म्हणून पाहावीत आणि प्रत्येक वाक्य कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे ते मुलांना विचारावे. पहिले वाक्य 'तुमच्या शेतात काय आहे?' या प्रश्नाचे उत्तर आहे. तेथे शेत ठाऊक आहे आणि विहीर ही नवी माहिती आहे. दुसरे वाक्य 'विहीर कुठे आहे?' या प्रश्नाचे उत्तर आहे. म्हणजे विहिरीची गोष्ट आधीच निघालेली आहे, कदाचित दोन भावांत तिच्यावरून वाद चालू आहे, आणि ती धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, अलीकडे आहे की पलीकडे एवढेच सांगायचे आहे. शब्द तेच आहेत, केवळ त्यांची जागा बदलली आहे. मराठीत जी गोष्ट नवी ती सहसा क्रियापदाला लागून येते आणि जी ठाऊक ती आधी येऊन बसते. इंग्रजीत पहिल्या वाक्याचे रूप 'देअर इज अ वेल इन अवर फील्ड' असे होते आणि दुसऱ्याचे 'द वेल इज इन अवर फील्ड' असे होते. बाईंनी दुरुस्त केलेले वाक्य व्याकरणात चुकलेले नव्हते; ते दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होते, आणि तो प्रश्न त्या निबंधात कोणी विचारलेलाच नव्हता. 'द वेल' असे वाचताच वाचणारा थबकतो आणि 'कोणती विहीर?' असे मनात म्हणतो. सहकाऱ्यांना खटकले ते हेच असावे.

येथे 'देअर' या शब्दाने आणखी एक गोंधळ होतो, कारण मुलांनी 'देअर म्हणजे तिथे' असे पाठ केलेले असते. 'देअर इज अ वेल' या वाक्यात 'तिथे' हा अर्थ मुळीच नाही. कर्त्याची जागा रिकामी राहू नये म्हणून हा शब्द पुढे येऊन बसतो, आणि त्यामुळे नव्या वस्तूला मागे, क्रियापदानंतर, जागा मिळते. म्हणूनच 'देअर इज'च्या पुढे बहुधा 'द' येत नाही, कारण ओळखीच्या माणसाची कोणी नव्याने ओळख करून देत नाही.

मराठीतील दुसरी खूण म्हणजे 'एक'. 'आटपाट नगर होते, तेथे एक राजा होता, राजाला दोन राण्या होत्या' हे कहाणीतले वाक्य प्रत्येक मुलाने ऐकलेले असते. पहिल्यांदा 'एक राजा' म्हटले, दुसऱ्यांदा नुसते 'राजाला' म्हटले. दुसऱ्यांदाही 'एका राजाला' म्हटले असते तर हा आणखी एक राजा कोठून आला, असे मुलांनी आजीला थांबवून विचारले असते. इंग्रजीत हेच 'देअर वॉज अ किंग, द किंग हॅड टू क्वीन्स' असे होते. इंग्रजीची उपपदे मुळात आपल्या 'एक' आणि 'तो' यांच्यासारख्या शब्दांतूनच घडली आहेत: 'ॲन' आणि 'वन' हे एकाच जुन्या शब्दाचे दोन फाटे आहेत आणि 'द' हा 'दॅट'चा सख्खा नातलग आहे. आपल्याकडे हे शब्द मोकळे राहिले, वाटले तर वापरावेत नाहीतर सोडावेत. इंग्रजीत मात्र ते झिजून लहान झाले आणि टाळता येण्यासारखे राहिले नाहीत.

तिसरी खूण मला सर्वांत गोड वाटते. 'बाबा सालदार शोधत आहेत' आणि 'बाबा सालदाराला शोधत आहेत' यांतील फरक आपल्या भागातल्या मुलाला समजावून सांगावा लागत नाही. पहिल्या वाक्यात वर्षाच्या बोलीवर ठेवायला कोणीतरी माणूस हवा आहे. दुसऱ्यात ठेवलेला माणूस सकाळपासून वावरात दिसलेला नाही. इंग्रजीत पहिल्याला 'अ' लागतो, दुसऱ्याला 'द'. म्हणजे जो 'ला' आपण केवळ विभक्तीचा प्रत्यय म्हणून शिकवतो, तो येथे चक्क 'द'चे काम करतो आहे. ही खूण माणसांच्या आणि जनावरांच्या बाबतीतच नीट चालते. 'मी किल्ली शोधतो आहे' या वाक्यावरून काहीच कळत नाही, तेथे संदर्भच पाहावा लागतो.

आता पहिल्या वाक्याकडे येऊ, कारण मराठीचा आधार जेथे सुटतो ती जागा तेथे आहे. 'माझे वडील शेतकरी आहेत' या मराठी वाक्यात 'एक' नाही, जागेची खूण नाही, काहीच नाही. इंग्रजीत मात्र 'माय फादर इज अ फार्मर' असाच 'अ' हवा, कारण शेतकऱ्यांच्या मोठ्या समूहातला एक, असे इंग्रजी तेथे म्हणते. धंदा सांगणाऱ्या एकवचनी नामाआधी 'अ' किंवा 'ॲन' लावायचा, हे सांगून आणि वीस वाक्ये लिहवून घेऊनच पक्के करावे लागते. याच ठिकाणी उलट दिशेची एक चूक अलीकडे फार वाढली आहे, आणि ती मला इंग्रजीतल्या चुकीपेक्षा अधिक बोचते. इंग्रजी शिकता शिकता मुले मराठीत 'माझे वडील एक शेतकरी आहेत', 'तो एक चांगला मुलगा आहे' असे लिहू लागली आहेत. 'तो चांगला मुलगा आहे' एवढ्याने मराठीत काम भागते. तेव्हा 'अ'चा अर्थ 'एक' असा सांगताना तो 'एक' उचलून परत मराठीत आणायचा नाही, हेही त्याच तासाला सांगून टाकावे.

तिसऱ्या वाक्यात उपपदाचा प्रश्न नाही, कारण 'टू' ही संख्याच आहे. प्रश्न बैलांचा आहे. 'बुल' म्हणजे वळू. बंडीला किंवा डवऱ्याला जुंपतात तो बैल इंग्रजीत 'बुलक' किंवा 'ऑक्स' होय. दोन वळू एका जुवाखाली चालवणारा शेतकरी मी तरी पाहिलेला नाही.

चौथ्या वाक्यात 'यूजफुल'च्या आधी 'अ' राहिला आहे, एवढे कोणीही सांगेल. पण आरंभीचा 'द'ही येथे नडतो. 'द बुलक इज अ यूजफुल ॲनिमल' असे एकवचनात म्हणून सगळी जात सुचवण्याची रीत इंग्रजीत आहे आणि ती शुद्धही आहे. मात्र लगेच आधी 'आमच्याकडे दोन बैल आहेत' असे म्हटल्यावर 'द बुलक' वाचणाऱ्याला त्या दोघांपैकी कोणत्या तरी एकाची आठवण होते. जातीविषयी बोलायचे असेल तर 'बुलक्स आर यूजफुल ॲनिमल्स' असे उपपदाविना अनेकवचन लिहिणे सर्वांत सोयीचे. मुलांना हे अनेकवचन सुचत नाही, कारण मराठीत 'बैल' या शब्दाचे एकवचन आणि अनेकवचन दिसायला सारखेच आहे. फरक कळतो तो पुढच्या क्रियापदावरून.

ज्या वस्तू मोजता येत नाहीत त्यांचेही असेच आहे. 'विदर्भात कापूस पिकतो' येथे नुसते 'कॉटन'; 'घरातला कापूस भिजला' येथे 'द कॉटन इन अवर हाउस'. 'घरातला', 'काकांनी वेचलेला', 'काल आणलेला' अशी वस्तूला अडवून धरणारी शब्दरचना मराठीत नामाआधी आली की इंग्रजीत बहुधा 'द' लागतो, आणि 'माझ्या वडिलांचा' असा मालकीचा शब्द आला की कोणतेच उपपद लागत नाही; 'द माय फादर्स बुलक' हे रूप वहीत दिसले की तांबडी रेघ ओढावी. 'ॲडव्हाइस', 'इन्फॉर्मेशन', 'फर्निचर' यांना इंग्रजी मोजता येणाऱ्या वस्तू मानीत नाही, म्हणून 'ॲन इन्फॉर्मेशन' चूक ठरते. याला मराठीतून काही कसोटी देता येत नाही. पाठ करणे भाग आहे.

पाठ करण्याच्याच वर्गात विशेषनामे येतात, पण त्यांचे उदाहरण आपल्या दाराशी आहे. 'वी रीच्ड वर्धा' म्हटले की आपण वर्धा गावात पोहोचलो. 'वी क्रॉस्ड द वर्धा निअर पुलगाव' म्हटले की पुलगावजवळ नदी ओलांडली. गावाच्या नावाला उपपद नाही, नदीच्या नावाला 'द' हवा. म्हणून 'द वैनगंगा', 'द पैनगंगा', पण 'लोणार लेक'ला काही नको, कारण एकेकट्या सरोवराच्या नावाला इंग्रजी 'द' लावत नाही. ज्या जिल्ह्यात गाव आणि नदी यांचे नाव एकच आहे तेथल्या मुलांना हा नियम इतरांपेक्षा लवकर कळायला हरकत नाही.

राहिले पाचवे वाक्य, आणि त्यात नेमके उलटे झाले आहे: जेथे 'द' हवा तेथे नाही आणि जेथे नको तेथे आहे. गावाचा आठवडी बाजार घरातल्या सर्वांना ठाऊक असलेला, ठरलेल्या वारी भरणारा एकच बाजार आहे, म्हणून 'टू द मार्केट'. 'आय गो टू स्कूल' येथे 'द' का नाही, असे मुले लगेच विचारतात. शिकायला जाणे हा तेथे मुख्य अर्थ आहे, इमारत नव्हे. त्याच मुलाचे वडील पालकसभेला आले तर 'माय फादर वेंट टू द स्कूल' असे होईल, कारण ते शिकायला आलेले नाहीत. प्रवासाचे साधन सांगताना 'बाय बस', 'बाय ट्रेन' असे उपपदाविना लिहितात, म्हणून 'बाय द एस.टी. बस' मधला 'द' गळावा. आणि दर बुधवारी असे म्हणायचे असेल तर 'ऑन वेनस्डेज' अधिक नेमके होईल.

मात्र 'आम्ही एका एस.टी.त बसलो' असे लिहायचे झाले तर 'अ एस.टी. बस' की 'ॲन एस.टी. बस', हा खरा गमतीचा प्रश्न आहे. 'ॲन' हे जुने रूप आहे आणि व्यंजनापुढे त्यातला 'न' गळून 'अ' उरला, त्यामुळे निवड अक्षरावर नव्हे तर उच्चारावर ठरते. हा 'न' कधी कधी भलत्याच शब्दाला जाऊन चिकटतो, कधी शब्दाचाच 'न' उचलून नेतो. क्रिकेटमधला 'अंपायर' पूर्वी 'न' या अक्षराने सुरू होणारा शब्द होता, 'अ'च्या शेजारी राहून त्याने आपला 'न' गमावला. आपल्या संत्र्याच्या 'ऑरेंज' या नावाबद्दलही असेच सांगितले जाते, पण तेथे इंग्रजी निर्दोष आहे: संस्कृत 'नारंग' फारसी, अरबी असा युरोपात गेला आणि त्याचा 'न' इंग्रजीपर्यंत पोहोचण्यापूर्वी वाटेतच पडला. आपल्या 'नारिंगी'त तो अजून शाबूत आहे.

उच्चाराची ही कसोटी मराठी मुलांना फार सोपी जावी, कारण देवनागरी उच्चारच लिहिते. इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून पाहावा. पहिले अक्षर स्वर असेल तर 'ॲन', व्यंजन असेल तर 'अ'. 'अवर' म्हणजे तास, त्याची इंग्रजी जोडणी 'एच'ने सुरू होत असली तरी 'ॲन अवर', 'युनिव्हर्सिटी' आणि 'यूजफुल' यांची सुरुवात 'यू' या स्वराक्षराने होत असली तरी उच्चारात 'य' आहे, म्हणून 'अ', 'वन-रुपी कॉइन'च्या आधीही 'अ', 'एम.एल.ए.'च्या आधी 'ॲन', 'झेड.पी. स्कूल'च्या आधी 'अ'. ही युक्ती मी शिकवणीच्या मुलांना वर्षानुवर्षे सांगत आलो आहे आणि ती एकदाच फसली. एका मुलाने 'अ एस.टी. बस' लिहिले होते. देवनागरीत लिहून पाहा म्हटल्यावर त्याने पाहिले आणि माझे उत्तर चूक, त्याचे बरोबर, असे शांतपणे दाखवून दिले. त्याने पाटीवर लिहिले होते 'यष्टी'.